पथ्यारंभीची सततची क्षुधा

आंबिवलीचा नोकरदार वजन घटविण्याचा निश्चय करतो, पहाटे धावू लागतो, तेल-तूप वर्ज्य करून डब्यात काकडी-गाजर नेतो. सायंकाळी टिटवाळा लोकल येईपर्यंत फलाटावरच वडापाव हाती येतो. "पथ्य सुरू केल्यापासून सारखी भूक लागते," ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. तीस मनाची दुर्बलता म्हणणे अन्यायाचे होय.

व्यायामाने अग्नी प्रदीप्त होतो, हे वाग्भटांनी दिनचर्येत सांगितले आहे. अग्नी वाढवावयाचा आणि इंधन मात्र अल्प व रूक्ष द्यावयाचे, हा येथील घोटाळा. चरकांनी ग्रहणीचिकित्सेत अत्यग्नीस कफक्षय व वातयुक्त पित्तवृद्धी ही कारणे देऊन गुरू, स्निग्ध, शीत आहार योजिला. आमच्या रुग्णांत खरा भस्मक विरळाच. तथापि तत्त्व तेच. न्याहारीस भाकरी, मटकीची उसळ व चमचाभर तूप, आणि गाडीपूर्वी मूठभर फुटाणे दिल्यास बहुतेकांचा वडापाव सुटतो. व्यायाम अर्धशक्तीनेच करावा. चहावर भूक मारणे तर सर्वथा त्याज्य. क्षुधा हा अधारणीय वेग आहे.

मात्र पोटभर खाऊनही वजन झपाट्याने घटत असेल, तृष्णा व मूत्रप्रवृत्ती वाढली असेल, तर आधी रक्तशर्करा व थायरॉइड तपासावे. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यास व्यायामानंतर भुकेसह कंप व घाम आल्यास तो अग्नीचा विषय नव्हेच. त्यास तत्काळ साखर द्यावी आणि औषधाच्या मात्रेविषयी त्याच्या डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलावे.