खिडकीतून बुरूज दिसतो

कसबा पेठेतला दोन मजली वाडा. रस्त्याला लागून दोन गाळे: एकात तांब्या-पितळेची भांडी, दुसऱ्यात शिंपी. वर तीन भाडेकरू, मागच्या दोन खोल्यांत मालक. वाडा भाचीच्या वडिलांकडचा, पण ती विचारायला आली मामाकडे. मामाची हयात दस्त लिहिण्यात गेलेली.

भाची : मामा, बाबांनी वाडा विकायचं ठरवलंय. दलाल म्हणतो, बिल्डरांची रांग लागेल.

मामा : वरच्या खिडकीतून शनिवारवाड्याचा बुरूज दिसतो ना गं?

भाची : दिसतो की! पाहुण्यांना आधी तोच दाखवतो आम्ही.

मामा : मग बिल्डर येईल, टेप लावेल आणि चहा पिऊन जाईल. शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीपासून कायदाच तसा आहे. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाही. आहे ते डागडुजी करून वापरायचं, तेही परवानगी काढून. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधता येतं, पण तिथेही परवानगी लागते.

भाची : आम्ही पायी दोन मिनिटांवर आहोत.

मामा : पायी नाही चालत. अंतर सरळ रेषेत धरतात आणि तेही संरक्षित हद्दीपासून, बुरुजापासून नाही. पाच-सात मीटर इकडेतिकडे झाले तरी भाव कुठच्या कुठे जातो. बिल्डर पैसे देतो ते उद्या चढणाऱ्या मजल्यांचे, तुमच्या सागवानी खांबांचे नाहीत. आधी मोजणी करून घ्या.

भाची : पण वाडा इतका जुना झालाय, की एखाद्या पावसाळ्यात पडायचाच. पडला तर भाडेकरू आपोआप जातील ना?

मामा : हे कोणी सांगितलं, दलालाने? वाडा पडतो, भाडेकरू पडत नाही. इमारत जमीनदोस्त झाली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. विकलात तरी तेच. घेणारा तुमच्या जागी मालक होतो आणि भाडेकरू त्याच्या पदरात पडतात. वरचे भाडं किती देतात?

भाची : पंचेचाळीस रुपये. महिन्याला.

मामा : नवा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला चार टक्के वाढ घेता येते. तेव्हापासून इमानाने वाढवत आणलं असतं, तरी पंचवीस वर्षांत एकशेवीसच्या आसपासच आलं असतं. एवढ्यात महिन्याचं दूधसुद्धा येत नाही.

भाची : बाबांनी तेवढंही वाढवलं नाही. शेजारधर्म म्हणे.

मामा : तुझे बाबा भले आहेत, पावत्या तरी फाडल्यात का? कोण मूळ भाडेकरू, कोण त्याचा वारस, कोण नुसता पोटभाडेकरू, हे घेणारा पहिल्यांदा विचारतो. शिंप्याच्या गाळ्यात मूळ कोण होतं?

भाची : त्याचे चुलते. त्यांनी परस्पर याला दिला, असं ऐकलंय.

मामा : ऐकलंय म्हणू नकोस, कागद शोध. तुमची लेखी संमती असेल तर एक गोष्ट, नसेल तर दुसरी. बरं, प्रॉपर्टी कार्डावर नाव कोणाचं?

भाची : घरपट्टी बाबांच्या नावाने येते.

मामा : घरपट्टी भरणारा तो मालक असं असतं, तर निम्मं पुणं कोर्टात गेलंच नसतं! नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढ. तिच्यावर अजून तुझे आजोबाच असणार. वाडा त्यांनी स्वतः घेतलेला, १९७८ ला गेले, मृत्युपत्र नाही. म्हणजे आजी, तुझे बाबा आणि तुझी आत्या, तिघेही सारखे वारस.

भाची : पण आत्याचं लग्न तर सत्तरच्या दशकातच झालं. मुलींना हक्क २००५ नंतर मिळाला ना?

मामा : तो वडिलोपार्जित मिळकतीत, जन्मापासूनचा. बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला मुलाइतका वाटा १९५६ पासूनच आहे. लग्न झालं म्हणून तो जात नाही. आजी गेल्या, त्यांचा वाटाही दोघांत आला. म्हणजे निम्मा वाडा आत्याचा. तिने खरेदीखतावर सही करायला हवी, नाहीतर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र. पुढे आयकर आहेच: १ एप्रिल २००१ ची किंमत नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून ठेवा, नफा तिच्यावरून मोजतात. ते काम सीएचं.

भाची : आणि आम्ही १०० मीटरच्या आत निघालो तर? मग घेणार कोण?

मामा : ज्याला वाडा आहे तसा उपयोगी आहे, तो. तुमचा भांडीवाला! त्याची गिऱ्हाइकं पिढ्यान्‌पिढ्या त्याच ओट्यावर येतात. त्याला मजले नकोत, तो दरवाजा हवाय. दलालाने त्याला विचारलं का?

भाची : नाही. दलाल बिल्डरांचेच फोन नंबर घेऊन फिरतोय.

मामा : मग आधी आत्याला फोन कर, आजच. भांडीवाल्याकडे उद्या जा, पण सकाळी, बोहनी झाल्यावर.