कोकणातील वळीव आणि विजेचा धोका

वैशाखाच्या उत्तरार्धात कोकणातील दिवस एका ठरावीक क्रमाने उलगडतो. सकाळी आकाश निरभ्र असते. दुपारपर्यंत उकाड्याने जीव नकोसा होतो. तिसऱ्या प्रहरी पूर्वेकडे सह्याद्रीच्या माथ्यावर काळेभोर ढग रचले जाऊ लागतात आणि दिवेलागणीच्या आत सोसाट्याचा वारा, कडकडाट व टपोऱ्या थेंबांचा पाऊस येऊन जातो. तासा-दीड तासात सारे शांत होते. हाच वळवाचा पाऊस.

शेतकऱ्याला हा पाऊस हवाही असतो आणि नकोही. उन्हाळी तापलेली जमीन त्याने मऊ होते, विहिरीवरचा ताण थोडा हलका होतो. परंतु अंगणात वाळत घातलेली आमसुले व फणसाचे पापड भिजतात, भाजावळ राहून गेली असेल तर राब पेटत नाही आणि झाडावर उरलेल्या आंब्याला करपा व फळमाशी यांचा उपद्रव होतो. या नुकसानीची चर्चा गावोगाव होते व ती रास्तही आहे. मात्र या पावसाबरोबर येणाऱ्या विजेचा विचार एखादा बळी गेल्यावरच होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसे मृत्युमुखी पडली. नैसर्गिक कारणांनी झालेल्या अपघाती मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू एकट्या विजेमुळे झाले होते. त्यांत पुराची किंवा दरडीची बातमी जशी होते तशी होत नाही, कारण वीज एका वेळी एक-दोघांनाच नेते.

ढग कसा चढतो

उन्हाळ्यात जमीन तापते तशी तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर जाते. तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरून खारे वारे आत शिरतात व भरपूर बाष्प आणतात. सह्याद्रीच्या चढणीवर ही दमट हवा आणखी उचलली जाते. बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि त्या उष्णतेने हवेला वर जाण्यास पुन्हा जोर मिळतो. अशा रीतीने तयार होणारा गर्जन्मेघ बारा ते पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचू शकतो. आपल्या भागात साधारण पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्य अंशाखाली असते. म्हणजे खाली घामाच्या धारा लागलेल्या असताना वर त्याच ढगात बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळत असतात. या घर्षणात हलके कण धन भार घेऊन वर जातात, जड गारा ऋण भार घेऊन खाली राहतात. भारातील हे अंतर हवेला सोसेनासे झाले की वीज कडाडते.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील मोठा वाटा जून ते ऑगस्ट या काळातला असतो. तरीही आषाढातल्या संततधारेत विजा फारशा होत नाहीत. त्या वेळचे ढग बहुधा तेवढे उंच चढत नाहीत व त्यांत बर्फाचा भाग कमी असतो. विजांचा खरा हंगाम पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना असतो. पहिला रोहिणी-मृगाच्या आगेमागे, दुसरा हस्त-चित्रा नक्षत्रांत, परतीच्या पावसात. पहिल्या हंगामात माणसे आंबा-काजूच्या बागांत व पेरणीपूर्व कामांत गुंतलेली असतात, दुसऱ्या हंगामात भातकापणीला. वेळही पुष्कळशी ठरलेली, दुपारी दोननंतर ते रात्रीच्या पहिल्या प्रहरापर्यंत. नेमक्या त्याच वेळी शेतमजूर उघड्यावर असतो. पायाळू माणसावर वीज पडते, अशी समजूत अजूनही ऐकू येते. वीज कोणाचा जन्म कसा झाला हे पाहत नाही. उघड्या जागी उंच काय आहे, हा तिच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असतो.

सेकंद मोजण्याचा धडा

शिक्षकांना वर्गात सहज घेता येईल असा एक पाठ आहे. विजेचा लखलखाट तत्क्षणी दिसतो, आवाज मात्र एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद घेतो. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागावे. नऊ सेकंद आले तर वीज तीन किलोमीटरवर पडली. हे अंतर तीस सेकंदांच्या आत आले की उघड्यावरचे काम थांबवावे आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पाऊस सुरू होण्यापूर्वी व तो थांबल्यानंतरही वीज पडते. पाऊस ओसरला म्हणून लगेच गुरे सोडायला निघणे हे पुष्कळदा जिवावर बेतते.

आसरा पक्क्या घराचा किंवा बंद मोटारीचा घ्यावा. शेतातील मांडव, पत्र्याची उघडी शेड आणि विशेषतः एकटे उंच झाड हे आसरे नव्हेत. झाडावर पडलेली वीज खोडातून जवळच्या माणसाकडे उडी घेते, तसेच जमिनीतून चहूकडे पसरते. दोन पायांमधील अंतर जितके जास्त तितका तिचा आघात मोठा. झाडाखाली बांधलेली गुरे एकदम दगावतात ती यामुळेच, कारण त्यांच्या पुढच्या व मागच्या पायांत बरेच अंतर असते. कोठेच आसरा नसेल तर पाय जुळवून खोलगट जागी उकिडवे बसावे, जमिनीवर आडवे होऊ नये. झाडावर झेला घेऊन चढलेल्या माणसाने पहिल्या गडगडाटालाच खाली उतरून दूर जावे. दोन पाट्या आंबे उद्याही उतरवता येतील.

भारतीय हवामान विभाग पुढील तीन तासांसाठी जिल्हानिहाय तात्कालिक इशारे देतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाईल उपयोजन आसपासच्या विजांची सूचना देते. तथापि हा इशारा मजुराच्या खिशात नसतो, तो बहुधा सरपंच, ग्रामसेवक किंवा शिक्षक यांच्या हाती येतो. तेथून वाडीपर्यंत तो कसा पोहोचवायचा, हे ग्रामपंचायतीने मे महिन्याच्या ग्रामसभेतच ठरवून ठेवणे इष्ट. देवळाचा ध्वनिक्षेपक किंवा शाळेची घंटा पुरेशी आहे. रोजगार हमीची व बागांतील कामे या दिवसांत पहाटे लवकर सुरू करून दुपारी एकपर्यंत संपवता आली तर निम्मा धोका तेथेच टळतो. शाळेच्या इमारतीवर तडितरक्षक असेल तर त्याची जमिनीत गेलेली पट्टी तुटली नाही ना, हेही एकदा पाहावे. रंगकामाच्या वेळी ती कापून टाकल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावण्यात कोणताच धोका नसतो. भीतीपोटी लोक दूर उभे राहतात आणि हृदय थांबलेल्या माणसाची पहिली काही मिनिटे वाया जातात. श्वास बंद असेल तर ताबडतोब छातीवर दाब देण्यास सुरुवात करून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एकाच वेळी अनेकांना झटका बसला असेल तर कण्हणाऱ्यांआधी निपचित पडलेल्यांकडे वळावे.