शर्यतीची मोटार : वेग आणि सुरक्षितता
(इयत्ता सातवी : सामान्य विज्ञान)

हेतू : ऊर्जेचे रूपांतर कसे होते आणि धक्क्याची ऊर्जा शोषून मनुष्याचे प्राण कसे वाचविता येतात, हे मुलांच्या लक्षात आणून देणे.

प्रस्तावना : २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीन येथील फॉर्म्युला वन शर्यतीत रोमाँ ग्रोजाँ या चालकाची मोटार ताशी सुमारे १९२ किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यावर आदळली. तिचे दोन तुकडे झाले व इंधनाने पेट घेतला. तरीही सुमारे २७ सेकंदांत चालक ज्वाळांतून बाहेर पडला. हात भाजले, पण प्राण वाचले. हा प्रसंग सांगून ‘तो कसा वाचला ?’ असा प्रश्न शिक्षकांनी मुलांपुढे ठेवावा.

विवेचन : (१) एंजिन. २०१४ पासून या मोटारींना १.६ लिटर क्षमतेचे, सहा सिलिंडरांचे एंजिन असते. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोराने टर्बोचार्जरचे चक्र फिरते व सिलिंडरांत अधिक हवा कोंबली जाते. हवा अधिक, म्हणून इंधनही अधिक जळते; लहान एंजिनापासून मोठी शक्ती मिळते. वेग कमी करताना चाकांची गती जनित्र फिरविते. ती वीज बॅटरीत साठवून पुन्हा वेग वाढविण्यासाठी वापरतात. सायकलचा डायनामो चाकास टेकविला की पायडल जड लागते, हा अनुभव येथे सांगावा.

(२) सुरक्षितता. चालक कार्बन तंतूंच्या कणखर कोशात बसतो. मोटारीचे नाक व मागचा भाग मात्र मुद्दाम चुरडेल असा केलेला असतो. चुरडण्यात धक्क्याची ऊर्जा खर्ची पडते, थांबण्यास अधिक वेळ मिळतो आणि शरीरावरील बल घटते. ‘हॅलो’ ही टायटॅनियमची कमान २०१८ पासून सक्तीची झाली; ग्रोजाँच्या डोक्यावर येणारा कठडा हिनेच अडविला. २००३ पासून शिरस्त्राण खांद्यावरील आधारास पट्ट्यांनी जोडतात. त्यामुळे मानेस हिसका बसत नाही. अंगावर अग्निरोधक वस्त्रे असतात.

प्रयोग : ओल्या चिकणमातीचे दोन सारखे गोळे एकाच उंचीवरून सोडावेत, एक फरशीवर, दुसरा गवताच्या ढिगावर. कोणता चपटा झाला व का, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

समारोप : १९९४ साली इमोला येथे लागोपाठच्या दोन दिवसांत रोलांड रॅट्झनबर्गर व आयर्टन सेना हे चालक मृत्यू पावले. त्यानंतर सुरक्षिततेचे नियम अधिक कडक झाले. नियमामागे बहुधा कोणाचा तरी प्राण गेलेला असतो, हे मुलांच्या मनावर ठसवावे.

प्रश्न : मोटारसायकलवर बसताना शिरस्त्राण का घालावे ? त्याच्या आत मऊ अस्तर कशासाठी असते ?