वर्षभराचा रिचार्ज मारण्याआधी

देवरुख

चि. सानिका हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलंस, रूममधल्या सगळ्या मुली वर्षभराचा प्लॅन मारतायत, दिवसाला अडीच जीबीवाला, मीही मारू का? मी नुसतं ‘थांब’ म्हणालो, कारण काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं टाइप करायला माझी बोटं चालत नाहीत. तुझे बाबा रविवारी पुण्याला यायचे आहेत, त्यांच्याजवळ हे देतो.

दुकानात येणारा माणूस विचारतो, “चांगला पॅक कुठला?” मी उलट विचारतो, मागच्या महिन्यात किती नेट वापरलंत? उत्तर सहसा येत नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ सुरू झालं, त्याआधी हीच माणसं दोनशे-अडीचशे रुपये मोजून एक जीबी महिनाभर पुरवायची. काम झालं की नेट बंद. शिल्लक किती, हे प्रत्येकाला तोंडपाठ असायचं. नेट स्वस्त झालं आणि मोजायची सवय गेली. त्याचा फायदा कंपन्यांना होतो आणि आम्हा दुकानदारांनाही होतो, कारण आमचं कमिशन रिचार्जच्या रकमेवर असतं. म्हणून दुकानदार मोठा पॅक सुचवतो तेव्हा तो तुझाच विचार करतोय असं समजू नकोस. मामाचं दुकान अपवाद, तेही भाचीपुरतं.

डेटाच्या आधी रेंज बघ. जिथे टॉवर धरत नाही तिथे अडीच जीबी काय आणि अर्धा काय, सारखंच. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमामुळे कंपन्यांना आपलं नेटवर्क कुठे पोचतं याचे नकाशे संकेतस्थळावर टाकावे लागतात. ते बघ, पण नकाशाला तुझ्या हॉस्टेलच्या भिंती माहीत नसतात. रात्री नऊ-दहाच्या सुमारास, सगळ्या मुली फोनला चिकटलेल्या असताना, आपल्या पलंगावर बसून व्हिडिओ चालतो का ते पाहा. तुझ्या कंपनीचा अडकत असेल तर मैत्रिणींपैकी जिचं सिम दुसऱ्या कंपनीचं असेल तिच्या फोनवर पाहा. शिवाय गणपतीत आणि मे महिन्यात तू घरी येणार. आपल्या वाडीवर कुठली कंपनी अंगणात धरते आणि कुठली फक्त वरच्या सड्यावर, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दोन्हीकडे चालेल ती कंपनी, मग ती थोडी महाग का असेना.

आता तुझी गरज. फोनच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटाचा वापर दिसतो, कुठल्या अ‍ॅपनं किती खाल्लं तेसुद्धा. त्यात वाय-फायवरचा वापर वेगळा असतो, तो धरायचा नाही. कॉलेजच्या लायब्ररीत वाय-फाय आहे म्हणालीस, म्हणजे प्रश्न फक्त हॉस्टेलवरच्या आणि बसमधल्या वेळाचा उरतो. मेसेज, यूपीआय, नकाशा, मेल यांना लागणारा डेटा किरकोळ असतो. खातो तो व्हिडिओ. साध्या ४८० च्या क्वालिटीत तासाला साधारण अर्धा जीबी जातो, एचडीवर दुप्पट-तिप्पट. लेक्चर बघताना सरांचा चेहरा एचडीत दिसायची गरज नसते. फळ्यावरचं वाचता आलं म्हणजे पुरे.

रोजच्या डेटाची गंमत बघ. तो तुमच्या मेसच्या ताटासारखा असतो. रविवारी जेवायला गेली नाहीस म्हणून सोमवारी दोन ताटं वाढत नाहीत. रात्री बाराला शिल्लक गेली, नवा कोटा सुरू. शिल्लक डेटा शनिवार-रविवारी वापरू देणारे प्लॅनही आले, पण सरसकट तसं नाही. म्हणून महिन्याची सरासरी काढून भागत नाही. सहा दिवस अर्धा-अर्धा जीबी आणि सातव्या दिवशी चार, असा तुझा वापर असेल तर दिवसाला दीड जीबी सरासरीला भरपूर होऊनही त्या सातव्या दिवशी अपुराच पडणार. आणि संपला की काय होतं? नेट बंद होत नाही, वेग उतरतो, बहुतेक प्लॅनमध्ये ६४ केबीपीएसवर. म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट, एक एमबीचा फोटो यायला दोन मिनिटं. मेसेज जातात, बाकी सगळं गोल गोल फिरत राहतं. असे दिवस महिन्यात एक-दोनच येत असतील तर त्या दिवसापुरता छोटा डेटा पॅक मारावा. त्याची मुदत तेवढी वाचून घे. काही पॅक तासाभराचे असतात, काही दिवसाचे, काही मूळ प्लॅन संपेपर्यंत चालतात. त्या दोन दिवसांसाठी वर्षभर अडीच जीबीचे पैसे भरणं मला पटत नाही.

तुझ्या मैत्रिणी म्हणतील, ५जी अनलिमिटेड मिळतंय की! मिळतं, पण जुलै २०२४ ची दरवाढ झाली तेव्हा खाजगी कंपन्यांनी ते रोजचा डेटा जास्त असलेल्या प्लॅनपुरतं ठेवलं. शिवाय फोन ५जीचा हवा आणि टॉवरही. सगळ्यात महत्त्वाचं, फोन ५जीवर असेल तेवढाच वेळ ते अनलिमिटेड. खोलीत शिरल्यावर वरची खूण ४जी झाली की रोजच्या कोट्यातून कापायला सुरुवात, आणि ते कुणी सांगायला येत नाही. खोलीत ५जी टिकत असेल तर मात्र हा प्लॅन तुझ्यासाठी खरंच फायद्याचा आहे. तेव्हा माझं ऐकू नकोस, घे. फुकट मिळणाऱ्या सिनेमांच्या अ‍ॅपसाठी घेऊ नकोस इतकंच.

आता पैशांचा हिशेब. पॅकची किंमत बघू नकोस, दिवसाची बघ. २८ दिवसांचा पॅक म्हणजे महिना नव्हे. वर्षात तो तेरा वेळा मारावा लागतो आणि तरी ३६४ दिवसच होतात. २०२२ मध्ये ट्रायनं प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला नवा होणारा प्लॅन ठेवायला लावलं, ते याच तक्रारीमुळे. समज, २८ दिवसांचा पॅक २९९ रुपयांना आहे आणि तारखेला तारीख चालणारा ३१९ ला. दिसायला पहिला स्वस्त. पण २९९ तेरा वेळा म्हणजे ३८८७ आणि ३१९ बारा वेळा म्हणजे ३८२८. एकोणसाठ रुपये वाचले आणि एक दिवस जास्त मिळाला. दर बदलत राहतात, पण भागाकार करायला फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहेच.

वर्षाचा प्लॅन दिवसाच्या हिशेबानं बऱ्याचदा स्वस्त पडतो, हे खरं. पण तो तुला बांधून ठेवतो. पहिलंच वर्ष, हॉस्टेल बदलेल, खोली बदलेल, कदाचित रेंज धरणार नाही. मग १९०० वर मेसेज करून नंबर पोर्ट करता येतो, नंबर तोच राहतो, पण भरलेल्या प्लॅनचे उरलेले दिवस जुन्या कंपनीकडेच राहतात. एकदा पोर्ट केलं की पुढचे ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही. म्हणून आधी महिन्याचा मार. महिना संपला की डेटा वापराच्या पानाचा स्क्रीनशॉट मला पाठव, अ‍ॅपवार यादीसकट. इन्स्टाग्राम कितव्या नंबरावर आहे हे मी आईला सांगणार नाही.

घरचं एक. तुझ्या आजीच्या बटणाच्या फोनवर तुझे बाबा दर वेळी रोज दीड जीबीवाला पॅक मारत आलेत. त्यातला एक एमबीही वापरला जात नाही. तिला तुझा आणि आत्याचा फोन आला पाहिजे आणि बँकेचे मेसेज आले पाहिजेत, बस्स. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नुसत्या कॉल आणि एसएमएसचे वेगळे प्लॅन ठेवणं सक्तीचं केलं. ८४ दिवसांचे, वर्षभराचे असे ते मिळतात. कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये ते पहिल्या पानावर दिसत नाहीत, खाली खाली जाऊन शोधावे लागतात. आजी घर सोडून कुठे जायची नाही आणि तिच्या फोनला तिथे रेंज चांगली आहे, तेव्हा वर्षभराचा प्लॅन घ्यायचाच तर तो तिचा घ्यावा. तिचा चालू पॅक १८ तारखेला संपतोय. त्याच दिवशी मी दुकानातून मारतो. बाबांना सवयीनं १६-१७ लाच मारायची घाई असते, त्यांना आठवणीनं सांग की मारू नका.

तुझा,
मामा