मुलांचे मानसोपचार: फी किती, कागद कोणते आणि कुणाला कळणार?

चौदा ते अठरा वयाची मुलं डॉक्टरकडे यायला नकार देतात, त्याचं कारण बहुतेकदा फी नसते. वर्गात, सोसायटीत, नातेवाइकांत कुणाला कळेल, हा त्यांचा पहिला प्रश्न. ‘मला येरवड्याच्या मनोरुग्णालयात टाकणार का?’ हा दुसरा. पैशांची चौकशी करण्याआधी या दोन्हींची उत्तरं तुमच्याकडे तयार हवीत.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचारांची माहिती गोपनीय असते. शाळेने मागितली म्हणून ती देता येत नाही. मूल अठराच्या आतलं असेल तर उपचारांना संमती पालकांची लागते, पण त्याचा प्रत्येक शब्द तुम्हाला सांगितला जाणार नाही, आणि तेच योग्य आहे. पहिल्याच भेटीत, मुलासमोर डॉक्टरांना विचारा: ‘आम्हाला काय सांगाल आणि काय नाही?’ मग तुम्ही बाहेर बसा. अपवाद दोन. जिवाला धोका असेल तर डॉक्टर तुम्हाला सांगणारच. लैंगिक अत्याचार उघड झाला तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. हे मुलाला आधीच सांगून ठेवा. मागाहून कळलं तर ते पुन्हा तोंड उघडणार नाही. ॲडमिट करण्याची भीतीही काढून टाका. बहुतेक मुलांचे उपचार ओपीडीतच होतात. अल्पवयीनाला दाखल करणं हा कायद्याने अपवाद आहे, त्याआधी दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते.

सुरुवात फुकटात होते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६: चोवीस तास, मराठीतही, कागद शून्य. मुलाला तो व्हॉट्सॲपवर पाठवा आणि फोन केला का म्हणून विचारत बसू नका.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरसकट. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग विचारा. महापालिकेची रुग्णालयं आणि सरकारी मेडिकल कॉलेजं यांचे दर वेगळे, पण खासगीच्या तुलनेत किरकोळ. आधार कार्ड आणि आधीचे कागद न्या. ओपीडी सहसा सकाळची, म्हणजे अर्धा दिवस मोडतो. ओळखीचं कुणी भेटेल या धास्तीने मूल अडून बसलं असेल तर दुसऱ्या गावातलं रुग्णालय गाठा. एसटीचं भाडं जाईल, पण मूल येईल.

खासगीत मुंबई-पुण्यात मानसोपचारतज्ज्ञाची पहिली भेट साधारण हजार ते अडीच हजार रुपये, समुपदेशनाचं एक सत्रही जवळपास तेवढंच. लहान शहरांत कमी. खरा खर्च पुढे असतो. समुपदेशन एका सत्रात संपत नाही. दोन-तीन महिन्यांचा हिशेब आधीच मांडा. औषध सुरू झालं तर एक-दोन आठवड्यांत पुन्हा दाखवायलाच हवं, कारण नैराश्याच्या काही गोळ्यांनी सुरुवातीला मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. ही दुसरी फी वाचवू नका, आणि गोळ्या मनाने बंद करू नका. वाचवायचंच असेल तर डॉक्टरांना जेनेरिक औषध लिहायला सांगा.

फोनवरच विचारून घ्या: सत्र किती मिनिटांचं, अपॉइंटमेंट रद्द केली तर पैसे कापता का, चाचण्या आणि त्यांचे रिपोर्ट वेगळे धरता का? दहा सत्रांचं पॅकेज आगाऊ भरू नका. दुसऱ्या भेटीनंतर मूल नाही म्हणालं तर पैसे अडकतात. बोटांच्या ठशांवरून स्वभाव सांगणारी ‘डीएमआयटी’ चाचणी कुणी गळ्यात मारत असेल तर उठून या, तिला शास्त्रीय आधार नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो मागा. औषध लिहून देणं त्यांचं काम नाही, ते मानसोपचारतज्ज्ञाचं. आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी आणण्याचा शॉर्टकट तर नकोच.

विमा? कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. पण बहुतेक पॉलिसी ओपीडीचा खर्च देत नाहीत, त्यामुळे सत्रांची फी खिशातूनच जाईल असं धरून चाला.

मुलाने स्वतःला इजा केली किंवा मरणाची भाषा केली, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका. १०८ ची ॲम्ब्युलन्स मोफत आहे. जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. पोलिसांच्या भीतीने घरीच थांबू नका: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम उरलेलं नाही.