द्वादशीचे पारणे : मूग आणि दुधी

एकादशीच्या उपवासाने पोट रिकामे असते. द्वादशीस त्यावर तळण घातले, की कीर्तनात जांभया! म्हणून आम्ही दहा पानांना अर्धा किलो मूग व एक किलो दुधी सांगतो. मूग एकादशीस सकाळी भिजवावेत, रात्री निथळून फडक्यात बांधावेत. पहाटे हिंग-जिऱ्याच्या फोडणीत हळद व मूग घालावेत. झाकणात पाणी ठेवावे. तेच कढत पाणी आत ओतावे. मूग अर्धे शिजले की दुधीच्या फोडी टाकाव्यात. आमसूल आधी नको. आंबटाने कडधान्य लवकर शिजत नाही. मीठ, गूळ, आमसूल शेवटी. दाणा बोटाने चेपून पाहावा. पंगतीतल्या म्हाताऱ्या माउलीला चावेना, तर ते पारणे कसले? घाई नको, पंगत जरा थांबेल.