कुंपणाचें झुडूप

शाळेच्या बागेभोंवतीं कोणतें झुडूप लावावें, हा प्रश्न निघाला तेव्हां आम्हांपैकीं बहुतेकांनीं घाणेरीच्या बाजूनें मत दिलें. फांदी फुकट मिळते, फुलांचे गुच्छ रंगीबेरंगी असतात, आणि गुरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत. हरकत घेतली ती टेकडीखालच्या वाडींतून येणाऱ्या सोबत्यांनीं. त्यांच्या गुरांचें चरण्याचें रान आतां सारें घाणेरीनें व्यापलें आहे. गेल्या उन्हाळ्यांत दुसरें कांहीं न मिळाल्यानें एकाच्या गाईनें तीच पानें खाल्लीं आणि ती दगावली. या पानांच्या विषानें यकृत बिघडतें, कावीळ होते, व उन्हानें कातडी भाजून निघते.

ही वनस्पति मूळची अमेरिकेच्या उष्ण भागांतील. शोभेचें झाड म्हणून १८०९ च्या सुमारास ती कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत आणली गेली. (घाणेरी हें नांव ठेवणाऱ्यानें पान चुरगळून पाहिलें असावें!) बागेबाहेर तिला नेलें पक्ष्यांनीं. तिचीं काळीं फळें बुलबुल आवडीनें खातो, आणि बी विष्ठेवाटे दूर जाऊन पडतें. वरून तोडली तर बुडख्यापासून पुन्हां फुटते. तिच्या दाट जाळीखालीं गवत टिकत नाहीं.

तेव्हां फुलाआधीं फळ पाहावें, असें आमचें ठरलें. दुहेरी तगर आणि जास्वंद आपल्याकडे क्वचितच बी धरतात. आपण फांदी लावूं तेथेंच तीं वाढतात. हीं दोन्ही फाटकापाशीं लाविलीं. कुंपणास निर्गुडी व अडुळसा घेतला. दोन्ही येथलींच, फांदीपासून येणारीं, आणि गुरें न खाणारीं. एका कोपऱ्यांत धायटी लाविली आहे. तिच्या लाल फुलांवर शिंजीर येतात.

जुनी घाणेरी काढण्याचें काम मात्र जड गेलें. नुसता कोयता चालवून भागत नाहीं. कुदळीनें जमिनीखालीं चार बोटें खोल मुख्य मूळ तोडावें व झुडूप मुळें वर करून उलटें ठेवावें, म्हणजे तें पुन्हां रुजत नाहीं. फळें धरण्यापूर्वींच हें उरकावें.

पहिल्या पावसाळ्यांत आमची निर्गुडी गुडघाभरच वाढली. दोन ठिकाणीं शेळ्या आंत शिरल्या आणि वांग्यांचा एक वाफा गेला. तेथें सध्यां बोरीच्या काट्या लावून ठेविल्या आहेत.